सरळ उभे राहू नका

२ तारीख, सोमवार

ही वही शाळांच्या मापांची. पुढची पानं भरलेली आहेत, इयत्ता दुसरी, छाती चोवीस, बाही इतकी. मागची कोरी राहिली, कारण मापं द्यायला पोरंच उरली नाहीत. अडतीस वर्षं मी शाळेचे गणवेश बेतले. कारखान्यात मला 'कात्री' म्हणायचे. हातातल्या कात्रीवरून की तोंडातल्या, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शेवटी तीन शाळांची मिळून एक झाली आणि माझं टेबल बंद झालं. त्याला चार वर्षं झाली. आता वय त्र्याहत्तर, हाताला काम नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आज वृद्धाश्रमात वन्संना भेटायला गेले. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, वय एक्क्याऐंशी. कचेरीत हेडक्लार्क होत्या. लग्न केलं नाही, तीस वर्षं आमच्या घरात राहिल्या आणि माझ्या प्रत्येक कामात खोट काढली. हे गेल्यावर त्या आपणहून आश्रमात गेल्या. मी दर सोमवारी जाते ती केवळ लोक नावं ठेवतील म्हणून.

मॅनेजरबाईंनी मला बाजूला घेतलं. ज्याला स्वतःचे कपडे स्वतः घालता येत नाहीत त्याला तिसऱ्या मजल्यावर हलवायचं, असा तिथला नियम आहे. वर आया कपडे घालतात, आयाच भरवतात. खाली यायला बंदी नाही, पण आणायला कुणाला सवडही नाही. वन्संच्या बोटांना संधिवात आहे. बटणं लागत नाहीत आणि आयांना अंगाला हात लावू देत नाहीत. पाच महिने झाले, जेवणघरात आलेल्या नाहीत, ताट खोलीतच मागवतात. तीस तारखेला तपासणी आहे. पंधरा मिनिटांत आपल्या हातानं तयार व्हायचं, नाहीतर वर.

मी विचारलं, पाठीमागून उघडा झगा मिळतो तो का देत नाही? बाई म्हणाल्या, दिला होता, त्यांनी तो खिडकीतून बागेत टाकला.

वन्संना विचारायला गेले तर म्हणाल्या, "पाठ उघडी टाकून चारचौघांत जेवायला बसू? त्यापेक्षा वर जाते. तिथे बघायला तरी कुणी नसेल."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. घरी येईपर्यंत मला त्यांचा राग येत होता. रात्री घास गेला नाही. पित्त झालं असावं.

५ तारीख, गुरुवार

आमच्या मालकांच्या मुलीचा फोन आला. तिला आम्ही छोट्या बाई म्हणतो, आता तीही चाळिशीची आहे. म्हणाली, मावशी, आठ मशिनं उरली आहेत आणि महिनाअखेर नवं काम मिळालं नाही तर तीही विकून टाकणार. मग म्हणाली, मुलं कमी झाली हे खरं, पण म्हातारी माणसं किती वाढली बघा. त्यांच्यासाठी कुणी शिवतच नाही. तरुण कटर मिळत नाहीत. तुम्ही येता का?

मी म्हणाले, म्हाताऱ्यांचे कपडे म्हाताऱ्यांनीच शिवायचे, हे बरं आहे तुझं. फोन ठेवला. चहा टाकला. तो उकळून वर यायच्या आत मी तिला परत फोन लावला होता.

आश्रमाचं मीच सुचवलं. तिनं दुपारीच मॅनेजरबाईंशी बोलून घेतलं. बारा जणांचे सदरे नमुना म्हणून शिवून द्यायचे. ज्यांची तपासणी आहे त्यांना ते स्वतः घालता आले, तर पूर्ण आश्रमाचं काम आमचं. बारापैकी एक नाव वन्संचं घातलं. अकराच भरत होते, एक कमी पडत होतं, म्हणून.

६ तारीख, शुक्रवार

कारखान्याचं कुलूप निघालं. छोट्या बाई सोडून आम्ही एकूण सहा जणी, सगळ्यात लहान चौसष्टची. काजवालीही आली. वीस वर्षं ती माझ्या शेजारच्या बाकावर बटणांची काजं करत होती. दिवसाला चार शब्द बोलते, त्यातले दोन 'हो' आणि 'नाही'.

मुलाचा फोन आला होता. आई, आता आराम कर, या वयात कशाला दगदग. मी म्हणाले, आराम करून करून दमले.

पण खरं लिहायला काय हरकत आहे? कात्री उचलली, पण थेट कापडाला लावायचा धीर झाला नाही. आधी एका चिंधीवर चालवून बघितली. रेघ वाकडी गेली. कुणी बघत नव्हतं. दुसरी चिंधी घेतली, ती सरळ गेली. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

अंगावर सुनेनं दिलेला सदरा घातला होता. तो धुण्यात आटलाय, आणि तोही फक्त पाठीकडून. हल्लीच्या कापडात दमच नाही.

९ तारीख, सोमवार

आज बारा जणांची मापं घेतली. टेप गळ्यात टाकला आणि एकदम चाळीस वर्षं मागे गेले. शाळेत मी दारात उभी राहिले की अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा. इथेही तेच. "सरळ उभे राहा, हात खाली, मान वर," म्हटलं की एकेक आजोबा, एकेक आजी तशी उभी. मला उगाच वाटत होतं की ही माणसं फार वाकली असतील. टेप लावला तर बहुतेकांच्या पाठी चांगल्या ताठ.

वन्सं तर काठी बाजूला ठेवून सैनिकासारख्या उभ्या राहिल्या. माप होईपर्यंत श्वाससुद्धा सोडला नाही. मी म्हणाले, वन्सं, तब्येत सुधारली हो तुमची. त्या म्हणाल्या, माझ्या तब्येतीला काय झालंय? मी निघाले तेव्हा त्या खुर्चीत धपकन बसल्याचा आवाज आला. एवढ्या तोऱ्यात बसायला काय झालं होतं?

१३ तारीख, शुक्रवार

चार दिवस बटणांवर खल चालला आहे. छोट्या बाईंनी चिकटपट्टी आणली, दाबली की बसते आणि ओढली की सुटते. वन्संना दाखवली. त्यांनी एकदा टर्रकन उघडली आणि परत दिली. म्हणाल्या, मी कपडे बदलते हे सगळ्या मजल्याला कळायला नको. मग चुंबकाची बटणं आणली. ती नर्सनं मोडीत काढली, दोघांच्या छातीत हृदयाचं यंत्र बसवलेलं आहे, त्यांना चुंबक चालत नाही.

आम्ही डोक्याला हात लावून बसलो. तेवढ्यात काजवालीनं माझ्यापुढे एक तुकडा सरकवला. मोठं चपटं बटण, त्याला खाली दोऱ्याची उंच मान, आणि काज उभं नाही, आडवंही नाही, तिरपं. चिमटीत धरायची गरजच नाही, अंगठ्यानं ढकललं की बटण आपोआप आत जातं. बाहेरून बघणाऱ्याला साधं बटणच दिसतं. मी विचारलं, हे मशिनवर होईल का? ती म्हणाली, "नाही. हातानं." म्हणजे हे काम येणारी माणसं आमच्याच वयाची. मला हसू आलं.

१६ तारीख, सोमवार

पार तोंडघशी पडले.

बाराही सदरे घेऊन गेलो. घातले, आणि एकही धड बसेना. कॉलर मागून गळा आवळतेय, पाठीचा काठ कमरेच्या वर चढलाय, पुढचा भाग पोटावर लोंबतोय. एक आजोबा सारखे मागून सदरा खाली ओढत होते. वन्संनी तर घातलेला काढला, उलटा केला, खालची दुमड बोटानं उघडली आणि भर दिवाणखान्यात विचारलं, "वहिनी, ही चार बोटं आत दुमडून ठेवलीस ती कशाला? मी अजून वाढणार आहे का?"

सगळे हसले. शाळेची सवय. पोरं वर्षात वाढतात म्हणून खाली नेहमी वाढीव कापड सोडायचं. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला मी वाढीव माप दिलं.

मॅनेजरबाई पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, आजी, तुम्ही प्रयत्न केलात हेच खूप. मला कुणी अशी समजूत घातली की अंगाचा तिळपापड होतो. परत येताना मी कापडाला शिव्या दिल्या, टेबल एका बाजूला कलतंय म्हणाले, आमच्यातल्या मशिनवालीला बोलले. चौदा दिवस राहिलेत. वन्संनी तो सदरा मात्र परत दिला नाही. टाकून द्यायचा असेल खिडकीतून.

१७ तारीख, मंगळवार

छोट्या बाईंनी कालचे फोटो आणले. घालून बघताना त्यांनी बाजूनं काढले होते. आम्ही टेबलावर मांडून एकेक बघत होतो. एका फोटोत कोपऱ्यात एक बाई उभी होती, पाठीला चांगलं पोक आलेलं, मान पुढे, सदरा मागून वर चढलेला. मी म्हणाले, ही कोण? हिचं माप तर आपण घेतलंच नाही.

छोट्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मशिनं थांबली.

काजवाली म्हणाली, "तू."

मी फोटो उचलला. सदरा माझा होता. सुनेनं दिलेला, पाठीकडून आटलेला. मग आतल्या आरशासमोर गेले आणि बाजूनं बघायचा प्रयत्न केला, तर काय, आरशासमोर उभी राहिले की माझी पाठ आपोआप ताठ होते. सोडली की परत वाकते.

तिथेच सगळं लक्षात आलं. आटलं काहीच नव्हतं. अडतीस वर्षं मी पोरांना "सरळ उभे राहा" म्हणत आले आणि तेच या माणसांना म्हणाले. टेप अंगाला लागल्याबरोबर बाराच्या बारा जणांनी पाठ ताठ केली. अब्रूचा प्रश्न! मी मापं घेतली ती त्यांच्या अभिमानाची, त्यांच्या पाठीची नव्हेत. नाचता येईना आणि मी अंगणाला नावं ठेवत होते.

रडले थोडी. मग सगळे कागदी खाके फाडून टाकले आणि बाकीच्यांना चहा दिला.

१८ तारीख, बुधवार

आजची मापं चोरून घेतली. सगळ्यांना सांगितलं, काम झालं, आता नुसता चहा प्यायला आलो आहोत. लोक टेबलाशी बसले, गप्पांत रंगले, पाठी सैल पडल्या. मी पुढे बसून बोलत राहिले आणि काजवाली मागून सुतळी लावून गाठी मारत गेली. मानेपासून कमरेपर्यंत कुणाचं दोन इंच जास्त निघालं, कुणाचं तीन. पुढून तेवढंच कमी.

अडल्या त्या वन्सं. मी खोलीत पाऊल टाकलं की त्यांची पाठ ताठ. शेवटी मी एकच उपाय केला. म्हणाले, वन्सं, ती निळी किटली तुमच्याच हातून फुटली होती. तीस वर्षांपूर्वीचं भांडण ते. झालं! त्या खुर्चीच्या कडेला आल्या, माझ्या नाकासमोर बोट नाचवत पुढे वाकल्या आणि किटलीची सगळी कथा तारीखवार सांगायला लागल्या. मीही मागे हटले नाही. काजवालीनं मागून आरामात माप घेतलं. साडेतीन इंचांचा फरक.

निघताना दोघींचे चेहरे लाल झाले होते. वन्संनी चक्क विचारलं, सोमवारी येणारेस ना? किटलीचं अर्धंच झालंय. किती भांडकुदळ असावं माणसानं!

२३ तारीख, सोमवार

पाच दिवस मान वर केली नाही. पाठीला तीन चुण्या, पुढचा भाग आखूड, कॉलर मागे उंच, बाही कोपरात किंचित वळलेली. वाढीव काही सोडलं नाही.

आज दिवाणखान्यात सगळ्यांनी सदरे घातले. मग ते सारखे मागून ओढणारे आजोबा चालत दारापर्यंत गेले, परत आले, आणि हात मागे न नेता खुर्चीत बसले. एका आजींनी विचारलं, यात मी उंच दिसते का? दिसत होत्या खऱ्या.

वन्संनी बाही बघितली, कॉलर बघितली आणि म्हणाल्या, "शिवण सरळ आहे." तीस वर्षांत हे पहिलंच. पण बटणं लावायला सव्वीस मिनिटं लागली, नर्सनं घड्याळ लावलं होतं. खूप आहेत. मी शिकवायला पुढे झाले तर मला खोलीबाहेर काढलं.

२६ तारीख, गुरुवार

वन्संचा सदरा दुरुस्तीला आला. बघते तर चौथ्या बटणाचा दोरा पार झिजलेला, काजाची कडही विस्कटलेली. तीन दिवसांत! मी काजवालीला फैलावर घेतलं. म्हटलं, असला कच्चा दोरा लावलास तर लोक उद्या आपल्या तोंडावर फेकतील. ती माझ्याकडे बघत राहिली, काय बघत होती कोण जाणे. मग दुहेरी दोऱ्यानं बटण पुन्हा लावून दिलं.

सदरा द्यायला मीच गेले. वन्संचे डोळे सुजलेले, अंगठ्याला पट्टी. आया म्हणाली, यांच्या खोलीत पहाटे पाचलाच दिवा लागतो. उगाच लवकर उठून बसत असतील, दुसरं काय. तपासणी तोंडावर आली तरी यांना काही पडलेलंच नाही. आज एकोणीस मिनिटं लागली.

२९ तारीख, रविवार

उद्या.

दिवसभर काही सुचलं नाही. बाकीचे बहुतेक होतील पास. कारखान्याचं काय व्हायचं ते होईल. पण वन्सं वर गेल्या तर? तिथे कुणीतरी येऊन त्यांचे हात बाहीत घालणार, तोंडाशी चमचा नेणार आणि त्या भिंतीकडे बघत बसणार. मग दर सोमवारी मी भांडायचं कुणाशी? लिहिलं आणि पुन्हा वाचलं. तसंच राहू दे.

३० तारीख, सोमवार

सकाळी नऊला आम्ही सहाही जणी आश्रमात. ज्याच्या त्याच्या खोलीत सदरा खुंटीला टांगलेला, बाहेर नर्स घड्याळ घेऊन. आत कुणी जायचं नाही. एकेक दार उघडत गेलं. नऊ मिनिटं, बारा मिनिटं, सात मिनिटं. सारखे सदरा ओढणारे ते आजोबा आठ मिनिटांत बाहेर आले आणि पुन्हा आत जाऊन केस विंचरून आले. दहा वाजेपर्यंत अकरा जण झाले. सगळे पास. छोट्या बाई माझा हात घट्ट धरून होत्या.

राहिल्या वन्सं.

दार बंद झालं. पाच मिनिटं काही आवाज नाही. आठव्या मिनिटाला आत धप्प झालं. मॅनेजरबाईंनी कडीला हात घातला.

आतून आवाज आला, "कुणी आत यायचं नाही. काठी पडली."

नऊ. दहा. नर्स घड्याळाकडे बघत होती, मी नर्सकडे. अकराव्या मिनिटाला मी काय काय कबूल केलं ते लिहीत नाही, पण किटली माझ्या हातून फुटली होती हेही त्यात होतं. बारा मिनिटं झाली. तेरावं सुरू झालं, आणि कडी निघाली.

दारात वन्सं उभ्या होत्या. सातही बटणं लागलेली. मनगटाची दोन्ही लागलेली. कॉलर नीट बसलेली, पाठीचा काठ जिथे हवा तिथे. पाठ वाकलेलीच होती आणि त्यांनी ती मुळीच ताठ केली नाही. कचेरीत जायच्या तेव्हा इतक्याच रुबाबात जायच्या. नर्स म्हणाली, बारा मिनिटं चाळीस सेकंद. वन्सं म्हणाल्या, लिहून घ्या, आणि वेळ माझ्यासमोर लिहा.

मॅनेजरबाईंनी वहीत सही केली. मग छोट्या बाईंना म्हणाल्या, मला नव्वद जणांचे हवेत, हिवाळ्याचे वेगळे, आणि शेजारच्या दोन आश्रमांना मी आजच सांगते. मशिनं विकायची नाहीत. छोट्या बाईंनी काजवालीला मिठी मारली. काजवाली म्हणाली, "सोड. काजं करायचीत." आमच्यातली मशिनवाली तिथेच बाकावर बसून मोठमोठ्यानं हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. मी ऐकत होते सगळं, पण माझं लक्ष वन्संकडे होतं. त्या जिन्याकडे निघाल्या होत्या. वर नव्हे, खाली.

जेवणघरात सगळे बसले होते. पाच महिन्यांनी वन्सं दारात दिसल्या तशी बडबड थांबली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, नशीब, त्यांना आवडलं नसतं. एका आजोबांनी फक्त खिडकीजवळची खुर्ची मागे ओढली. वन्सं बसल्या. मला म्हणाल्या, बस इथे. मी सवयीनं सूपचं भांडं ओढलं आणि पळी उचलली. तीस वर्षं त्या पाटावर आणि मी पळीवर, दुसरं मला ठाऊकच नाही.

त्यांनी माझ्या हातातून पळी काढून घेतली.

"तू बस. आज मी वाढते."

दोन्ही हातांनी पळी धरली. टेबलावर थोडं सांडलं, पण वाटी काठोकाठ भरली आणि माझ्यापुढे सरकवली. मी त्या वाटीकडे बघितलं आणि मला रडू फुटलं. सगळ्यांदेखत, हुंदके देऊन. इतकी मी हे गेले तेव्हाही रडले नव्हते. वन्सं माझी आहेत, कुणालाही त्यांना वर नेऊ देणार नव्हते मी, हे मला आज कळलं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी.

"आधी जेव," वन्सं म्हणाल्या. "मग रड. सूप गार होतंय."

मी जेवले. दोन वाट्या घेतल्या, दोन्ही त्यांनीच वाढल्या.